अज्ञान मुलाचा ताबा : अधिकार कोणत्या देशाच्या न्यायालयाचा?

सीताबर्डीवर राहणारे एक वयस्क दांपत्य क्षणभर कल्पनेने डोळ्यांसमोर आणावे. त्यांची मुलगी लग्नानंतर अमेरिकेतील टेक्सास संस्थानात गेली. जावई तेथेच नोकरीस आहे. नातू सहा वर्षांचा. त्याचा जन्म तेथला आणि पारपत्रही त्याच देशाचे. एका मे महिन्यात मुलगी नातवाला घेऊन माहेरी येते. जुलैतील परतीचे तिकीट हाती असते; परंतु जुलै येतो, सरतो, आणि मायलेकरे परत जात नाहीत. फोनवर चढलेले आवाज ऐकू येतात. एके रात्री मुलगी आईजवळ मन मोकळे करते. ऑगस्टात नातवाचे नाव जवळच्या शाळेत घातले जाते. आणि दिवाळीच्या सुमारास टेक्सासच्या न्यायालयाचा हुकूम येऊन थडकतो की, मुलाला ठरावीक मुदतीत परत आणून वडिलांच्या स्वाधीन करावे. घरातील प्रत्येकाच्या तोंडी मग एकच प्रश्न असतो : तेथील न्यायाधीशाचा हुकूम येथे चालतो काय? मुंबई उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ सिव्हिल लाइन्समध्ये, म्हणजे घरापासून हाकेच्या अंतरावर असताना, सात समुद्रांपलीकडच्या न्यायालयाने या घरातील मुलाविषयी बोलावे कसे?

हे कुटुंब कल्पित आहे. प्रश्न मात्र कल्पित नाही. ज्या घरांतील मुलेमुली नोकरीसाठी वा शिक्षणासाठी परदेशी गेली, त्या घरांना तो केव्हाही भेटू शकतो. कधी मूल आणणारी आई असते, कधी बाप असतो. कधी मूल सीताबर्डीवर असते आणि अश्रू टेक्सासमध्ये ढाळले जातात, तर कधी याच्या उलट घडते. म्हणून या प्रश्नाचा विचार आपला पक्ष कोणता हे ठरवून करता येत नाही. तो मुलाच्या बाजूने करावा लागतो.

प्रथम काही प्रचलित समजुती दूर सारल्या पाहिजेत. पहिली समजूत अशी की, ज्या देशाचे पारपत्र त्या देशाचे न्यायालय. ती बरोबर नाही. नागरिकत्व ही विचारात घेण्याची एक गोष्ट आहे, निर्णायक गोष्ट नव्हे. दुसरी समजूत अशी की, लग्न नागपुरात वैदिक विधीने झाले असल्यामुळे संसारातील प्रत्येक तंटा नागपुरातच सुटावा. विवाहाच्या वैधतेविषयी किंवा घटस्फोटाविषयी विवाहस्थळाला महत्त्व येऊ शकते; परंतु मुलाच्या ताब्याचा प्रश्न त्याहून वेगळा आहे. तिसरी समजूत अशी की, जो आधी दावा लावील त्याचे न्यायालय. ही सर्वांत घातक होय, कारण ती आईबापांना धावण्याच्या शर्यतीत उतरवते आणि मुलाला त्या शर्यतीतील बक्षीस बनवते. चौथी समजूत अशी की, मूल ज्याच्या हाती त्याचीच सरशी. हिच्यात सत्याचा काही अंश आहे, आणि तो अंशच या विषयातील सर्व दुःखाचे मूळ आहे.

मग खरी कसोटी कोणती? भारतात ती एका जुन्या कायद्यात सापडते. १८९० च्या पालक आणि पाल्य कायद्याच्या नवव्या कलमात असे सांगितले आहे की, अज्ञान मुलाच्या, म्हणजे अद्याप वयात न आलेल्या मुलाच्या, पालकत्वाविषयीचा अर्ज ते मूल जेथे सामान्यतः राहत असेल तेथील जिल्हा न्यायालयात करावा. पुढे १९८४ च्या कायद्याने कुटुंब न्यायालये निघाली आणि जेथे ती आहेत तेथे हा अधिकार त्यांच्याकडे गेला. परंतु कसोटी तीच राहिली. 'सामान्यतः राहत असेल' या तीन शब्दांवर आजवर किती वकिली पणास लागली याची गणती नाही. मूल आज जेथे झोपले आहे ते ठिकाण, असा त्यांचा अर्थ नव्हे. ज्या ठिकाणी त्याचे नित्याचे जीवन चालते, जेथे त्याची शाळा, त्याचे सवंगडी, त्याचे घर आहे, ते ठिकाण, असा त्यांचा अर्थ होय.

या शब्दांची पहिली गाजलेली परीक्षा झाली ती एका विलक्षण खटल्यात. थिऑसॉफिकल सोसायटीच्या अध्यक्षा डॉ. अॅनी बेझंट यांच्याकडे मद्रासेजवळ अड्यार येथे राहणाऱ्या नारायणय्या नावाच्या गृहस्थांनी १९१० साली आपल्या दोन मुलांचे पालकत्व पत्राने सोपविले. त्यांतील एक मुलगा म्हणजे पुढे तत्त्वचिंतक म्हणून जगप्रसिद्ध झालेले जे. कृष्णमूर्ती, आणि दुसरा त्यांचा धाकटा भाऊ नित्यानंद. १९१२ साली बेझंटबाईंनी दोन्ही मुलांना शिक्षणासाठी इंग्लंडला नेऊन ठेवले. बापाचे मन फिरले. त्याने मुले परत मिळावीत म्हणून चिंगलपटच्या जिल्हा न्यायालयात दावा लावला. तो पुढे मद्रास उच्च न्यायालयाकडे गेला. तेथे १९१३ साली निकाल बापाच्या बाजूने लागला आणि अपिलातही तो कायम राहिला. बेझंटबाई लंडनला प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेल्या. १९१४ साली प्रिव्ही कौन्सिलने खालचे निकाल फिरविले. जी मुले कित्येक महिने आधी हिंदुस्थान सोडून विलायतेत शिकावयास गेली, ती चिंगलपट जिल्ह्यात 'सामान्यतः राहतात' असे म्हणणे अशक्य आहे, हे त्याचे एक मुख्य कारण होते. शिवाय मुले या दाव्यात पक्षकार नव्हती आणि त्यांचे म्हणणे कोणी ऐकलेले नव्हते. बाप येथला, मुले येथे जन्मलेली, पालकत्वाचे पत्र येथे लिहिलेले. तरीही अधिकार येथला ठरला नाही. एका शतकापूर्वीच्या या निवाड्यात आजच्या प्रश्नाची दोन्ही सूत्रे आली आहेत : मुलाचे जीवन कोठे चालले आहे, आणि मुलाचे हित व त्याची इच्छा काय आहे.

आता दुसऱ्या टोकाकडून, म्हणजे टेक्सासकडून पाहावे. अमेरिकेतील संस्थाने पूर्वी ताब्याच्या तंट्यांत परस्परांचे हुकूम सहज मोडीत असत. एका संस्थानात हरलेला बाप मूल घेऊन शेजारच्या संस्थानात जाई आणि नवा हुकूम मिळवी. हा प्रकार थांबविण्यासाठी १९९७ साली एक एकरूप कायदा तयार झाला आणि टेक्साससह जवळजवळ सर्व संस्थानांनी तो स्वीकारला. त्याचे सूत्र साधे आहे. दावा लागण्यापूर्वी मूल जेथे सलग सहा महिने राहिले ते त्याचे गृहसंस्थान, आणि पहिला अधिकार तेथील न्यायालयाचा. मूल तेथून हलविले गेले आणि आईबापांपैकी एक जण मागे राहिला, तर पुढील सहा महिनेपर्यंत हा अधिकार तसाच टिकतो. विशेष असे की, या कायद्याच्या दृष्टीने परदेशही एका संस्थानासारखाच मानला जातो. म्हणून सीताबर्डीच्या कल्पित कुटुंबात मूल मे महिन्यात निघाले आणि बापाने सप्टेंबरात दावा लावला, तर टेक्सासच्या न्यायालयाच्या दृष्टीने अधिकार निःसंशय त्याचाच आहे. ते न्यायालय हटवाद करीत नाही. आपल्या कायद्याचे सरळ वाचन करीत आहे.

दोन्हीकडचे कायदे बहुतांशी एकच बोलतात हे येथे ध्यानात येईल. 'सामान्यतः राहणे' काय आणि 'गृहसंस्थान' काय, दोन्ही शब्द मुलाच्या वस्तीकडेच बोट दाखवितात. मग भांडण राहते कोठे? ते राहते काळात. वस्ती ही दगडावरील रेघ नव्हे. मूल जसजसे नव्या गावी रुळते, तसतशी त्याची वस्ती बदलत जाते. मे महिन्यात जे मूल टेक्सासचे होते, ते दोन वर्षांनी सीताबर्डीचे झालेले असू शकते. मग ज्याने मूल आणले त्याला दिरंगाईचा लाभ होतो, आणि ज्याच्यापासून ते आणले गेले त्याला प्रत्येक तारखेगणिक तोटा होतो.

या काळाच्या अन्यायावर उपाय म्हणून अनेक राष्ट्रांनी एकत्र येऊन २५ ऑक्टोबर १९८० रोजी हॉलंडमधील हेग शहरी एक करार केला. तो १ डिसेंबर १९८३ पासून अंमलात आला, आणि आज शंभरांहून अधिक देश त्यात सामील आहेत. या कराराविषयी एक गैरसमज फार पसरलेला आहे. मूल आईकडे जावे की बापाकडे, हे तो करार ठरवीत नाही. हे ठरविण्याचा अधिकार कोणत्या देशाचा, एवढेच तो ठरवितो. आणि त्याचे उत्तर असे की, मूल हलविण्यापूर्वी त्याची नित्य वस्ती जेथे होती त्या देशाचा. सोळा वर्षांखालील मूल एका सदस्य देशातून दुसऱ्या सदस्य देशात दुसऱ्या पालकाच्या हक्काचा भंग करून नेले गेले, तर ते त्वरेने परत पाठवावे. सहा आठवड्यांत निर्णय व्हावा अशी अपेक्षा आहे. आणि मग तेथील न्यायालयाने साक्षीपुरावे घेऊन ताब्याचा निवाडा करावा. प्रत्येक देशात यासाठी एक मध्यवर्ती अधिकारी नेमलेला असतो, म्हणजे परक्या देशात वकील शोधीत हिंडण्याची पाळी त्या पालकावर येत नाही.

कराराला अपवादही आहेत. अर्ज करण्यास वर्षाहून अधिक उशीर झाला आणि मूल नव्या ठिकाणी रुळले, तर परत पाठविण्याची सक्ती उरत नाही. परत पाठविल्याने मुलाला शारीरिक वा मानसिक इजा होण्याचा गंभीर धोका असेल, तर न्यायालय नकार देऊ शकते. पुरेशी समज आलेल्या मुलाने स्वतः हरकत घेतली, तर तीही ऐकली जाते.

भारत या करारात सामील झालेला नाही. म्हणून टेक्सासहून आलेल्या हुकुमाला येथे कराराचा आधार नाही. दिवाणी व्यवहार संहितेच्या तेराव्या कलमान्वये परदेशी निवाड्याला काही अटींवर मान दिला जातो हे खरे. परंतु ताब्याचा हुकूम हा पैशाच्या हुकूमनाम्यासारखा बजावणीस लावता येत नाही, आणि तो कधीच अखेरचा नसतो. मुलाची परिस्थिती बदलली की तो बदलता येतो. तेव्हा भारतीय न्यायालय अशा हुकुमाचे काय करते, हे जाणण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाच्या निवाड्यांकडेच वळावे लागते.

१९८४ सालच्या संधू खटल्यात दांपत्य इंग्लंडात राहत होते, मूल तेथेच जन्मले होते, आणि बापाने ते पंजाबात आणून ठेवले होते. सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, ज्या देशाशी त्या संसाराचा आणि मुलाचा सर्वांत निकटचा संबंध, त्या देशाच्या न्यायालयाने हा प्रश्न सोडवावा. मूल विमानाने दुसऱ्या देशात उतरविले एवढ्या योगायोगाने तेथील न्यायालयाला अधिकार प्राप्त होऊ नये. मूल आईकडे परत गेले.

दोन वर्षांनी असाच एक खटला महाराष्ट्रातून उभा राहिला, तो म्हणजे दिनशॉ खटला. पती भारतीय, पत्नी अमेरिकन. मिशिगन संस्थानातील न्यायालयाने १९८२ साली घटस्फोट देऊन मुलाचा ताबा आईकडे दिला होता आणि बापाला भेटीचा हक्क ठेवला होता. १९८६ च्या जानेवारीत भेटीच्या मिषाने बापाने मूल घेतले आणि थेट पुण्याचा रस्ता धरला. आईने सर्वोच्च न्यायालयात बंदीप्रत्यक्षीकरणाचा अर्ज केला. हा अर्ज मूळचा बेकायदा डांबून ठेवलेल्या माणसाला न्यायालयासमोर हजर करविण्यासाठी असतो. परंतु मुलाच्या बाबतीत तो ताब्याच्या तातडीच्या चौकशीचे साधन बनला आहे. न्यायमूर्तींनी मुलाशी स्वतः बोलून पाहिले. भारतात त्याची पाळेमुळे अद्याप रुजलेली नाहीत, असे त्यांना आढळले. त्याच वर्षी नोव्हेंबरात मूल आईच्या हवाली झाले. मुलांना एका देशातून दुसऱ्या देशात अचानक आणि परवानगीवाचून नेण्याच्या प्रकाराला न्यायालयांनी उत्तेजन देता कामा नये, असा स्पष्ट इशाराही त्या निवाड्यात आहे. आई अवघ्या काही महिन्यांत न्यायालयात आली, ही गोष्ट येथे विसरता येत नाही.

याच्या शेजारी १९९७ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयानेच निकालात काढलेला धनवंती जोशी विरुद्ध माधव उंदे हा मराठी कुटुंबातील खटला ठेवावा. मुलाचा जन्म अमेरिकेत झाला. तो वर्षाचाही झालेला नसताना, १९८४ साली, आई त्याला घेऊन भारतात आली. बापाच्या बाजूने अमेरिकन न्यायालयाचे हुकूम होते, आणि मुंबईच्या न्यायालयांनीही त्याला अनुकूल निकाल दिले होते. सर्वोच्च न्यायालयात प्रकरण निकालास आले तेव्हा मुलाने बारा वर्षांहून अधिक काळ भारतात आईजवळ काढला होता. न्यायालयाने परदेशी हुकूम मान्य करण्याचे नाकारले. त्यासाठी प्रिव्ही कौन्सिलच्या १९५१ सालच्या मॅकी खटल्याचा आधार घेण्यात आला. परदेशी हुकुमाला योग्य ते वजन द्यावे, परंतु त्याने न्यायालयाचे हात बांधले जात नाहीत. शेवटचा शब्द मुलाच्या हिताचा, हे त्या खटल्याचे सार होय. बारा वर्षे ज्या आईजवळ काढली, जी भाषा बोलली, ज्या शाळेत शिकला, ते सर्व तोडून त्याला परक्या घरी पाठविणे, यात मुलाचे हित कोणते?

एकच न्यायालय, सूत्रही एकच, आणि निकाल मात्र उलट. यात विसंगती नाही. दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच विचारला गेला : या मुलाची मुळे आज कोठे आहेत? पहिल्या खटल्यात काही महिने गेले होते, दुसऱ्यात बारा वर्षे.

पुढील काळात या सूत्रावरच न्यायालयात मतभेद झाला. २०१५ साली सूर्य वदनन खटल्यात दोन न्यायमूर्तींनी परदेशी न्यायालयाच्या सन्मानावर भर दिला. ज्या न्यायालयाने प्रथम परिणामकारक हुकूम केला त्याला अग्रमान द्यावा, असा त्यांचा कल होता, आणि दोन मुली इंग्लंडला परत पाठविण्याचा हुकूम झाला. २०१७ साली नित्या आनंद राघवन खटल्यात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने हे मत स्वीकारले नाही. प्रथम हुकूम कोणाचा, याला मुलाच्या हितापेक्षा वरचे स्थान देता येणार नाही. परदेशी हुकूम हा विचारात घेण्याच्या अनेक बाबींपैकी एक आहे. मूल तत्काळ परत पाठवावे की येथेच सविस्तर चौकशी करावी, हे प्रत्येक प्रकरणाच्या परिस्थितीवरून ठरवावे, असा त्या पीठाचा निर्णय झाला. ती लहान मुलगी आईजवळ दिल्लीतच राहिली. यावरून मूल भारतात पोहोचले की ते येथेच राहते, असा अर्थ कोणी काढील तर तो चुकेल. २०२० साली यशिता साहू खटल्यात अमेरिकेतून राजस्थानात आणलेल्या बालिकेला परत नेण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला. मुलाला दोन्ही पालकांच्या प्रेमाचा हक्क आहे, आणि प्रत्यक्ष भेट शक्य नसेल तेथे दूरध्वनीने व दृश्यफोनने नियमित बोलणे व्हावे, असेही त्यात सांगितले. म्हणजे तराजू दोन्ही बाजूंनी झुकू शकतो. वजने मात्र तीच असतात.

ती वजने कोणती हे थोडक्यात सांगता येते. मुलाचे वय आणि त्याची समज. ते किती काळ कोठे राहिले. शाळा आणि भाषा. पालकांचे परस्पर वर्तन, विशेषतः मूल आणताना विश्वासघात झाला की संमती होती. परत पाठविल्यास इजेचा संभव. आणि तक्रार करणारा पालक किती तत्परतेने न्यायालयात आला. हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व कायदा, १९५६, यातील तेराव्या कलमाने मुलाचे हित सर्वोपरी मानले आहे, आणि सहाव्या कलमात पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईजवळ असावे असे म्हटले आहे. सहा वर्षांच्या नातवाला हे दुसरे कलम लागू पडत नाही. पहिले मात्र प्रत्येक मुलाला लागू पडते.

येथे सहजच मनात येईल की, भारताने हेग करारावर सही करून ही अनिश्चितता का संपवू नये? विधी आयोगाने २००९ सालच्या २१८ व्या अहवालात सामील होण्याची शिफारस केली. २०१६ सालच्या २६३ व्या अहवालात त्यासाठी विधेयकाचा मसुदाही सुचविला. परंतु विधेयक कायद्यात उतरले नाही. पुढे न्यायमूर्ती राजेश बिंदल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि तिने २०१८ साली अहवाल दिला. विरोधाचे कारण क्षुल्लक नाही. करार लिहिला गेला तेव्हा लेखकांच्या डोळ्यांसमोर मूल पळविणारा बाप होता. प्रत्यक्षात बहुसंख्य प्रकरणांत मूल नेणारी आई असते असे आढळून आले. आणि त्यांतील काही आया मारहाणीतून, छळातून, परक्या देशातील एकाकीपणातून निसटून माहेरी आलेल्या असतात. पतीच्या नोकरीवर जिचा तेथील मुक्काम अवलंबून, जिच्याजवळ पैसा नाही, वकील नाही, अशा स्त्रीला मुलासह त्याच गावी परत पाठविणे म्हणजे न्याय काय, हा प्रश्न टाळता येत नाही. गंभीर धोक्याचा अपवाद आहे खरा. परंतु बंद दाराआड झालेला छळ सिद्ध करावयाचा कसा?

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. भारत कराराबाहेर असल्यामुळे येथून परदेशी नेलेल्या मुलासाठी येथल्या आईबापांनाही कराराचा आधार मिळत नाही. नागपूरच्या आईचे मूल बापाने टेक्सासला नेले, तर तिला तेथील न्यायालयाच्या पायऱ्या आपल्या खर्चाने चढाव्या लागतात. शिवाय अनिश्चिततेचा लाभ नेहमी दुर्बलालाच मिळतो असे नाही. कित्येकदा तो बळजबरी करणाऱ्यालाच मिळतो. तेव्हा मूल परत करण्याची त्वरा आणि छळातून आलेल्या आईचे संरक्षण, या दोहोंची सांगड घालणारा कायदा होईपर्यंत प्रत्येक कुटुंबाला न्यायालयाच्या विवेकावरच अवलंबून राहावे लागणार.

मग सीताबर्डीच्या त्या घराने करावे काय? पहिली गोष्ट, परदेशी हुकूम आला तर तो फडताळात दडवून ठेवू नये. त्याकडे दुर्लक्ष करणाऱ्या पालकाचे वर्तन पुढे येथल्या न्यायालयातही त्याच्याविरुद्ध बोलते. त्या न्यायालयात वकिलामार्फत हजर होऊन आपली बाजू मांडणे, आणि त्याच वेळी येथे सल्ला घेणे, हा शहाणपणाचा मार्ग होय. दुसरी गोष्ट, छळ झाला असेल तर त्याचा पुरावा, म्हणजे डॉक्टरांचे दाखले, तेथील पोलिसांकडे केलेली तक्रार, पत्रव्यवहार, हे सर्व वेळीच जपून ठेवावे. अर्जात केवळ शब्दांनी केलेला आरोप न्यायालयाला फारसा उपयोगी पडत नाही. तिसरी गोष्ट, जो पालक दूर राहिला त्याने दिरंगाई करू नये. तो नागपूर खंडपीठात बंदीप्रत्यक्षीकरणाचा अर्ज करू शकतो. त्या वेळी मूल येथे किती काळ आहे हा पहिला प्रश्न असेल. चौथी गोष्ट, येथे सविस्तर चौकशी हवी असेल तर मार्ग कुटुंब न्यायालयाचा. आणि तेथे 'सामान्यतः राहतो' हे शब्द पुन्हा समोर उभे राहतील. २०११ सालच्या रुची माजू खटल्यात मूल आईसह दिल्लीत सुमारे तीन वर्षे राहिले होते व तेथे शिकत होते. तेव्हा दिल्लीच्या न्यायालयाला अधिकार आहे असे ठरले. केवळ मे महिन्याच्या सुटीवर तसा दावा उभा राहणे कठीण.

पाचवी गोष्ट तडजोडीची. दोन्ही पालकांचे एकमत झाले, किंवा न्यायालयाने मूल परदेशी पाठविण्याचे ठरविले, तर एका देशातील अटी दुसऱ्या देशातील न्यायालयाकडून जशाच्या तशा वदवून घेण्याची पद्धत रूढ होत आहे. आरशात जसे प्रतिबिंब तसा हा प्रतिरूप हुकूम. भेटीचे दिवस, सुटीतील मुक्काम, खर्च, या साऱ्या गोष्टी मग दोन्हीकडे बंधनकारक होतात. तथापि हा आरसाही कधी फुटतो. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने एक मूल केनियातील वडिलांकडे जाऊ दिले, ते नैरोबीच्या न्यायालयाकडून असा प्रतिरूप हुकूम आणण्याच्या अटीवरच. पुढे अटी पाळल्या गेल्या नाहीत, न्यायालयाची फसवणूक झाल्याचे दिसून आले, आणि २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाला आपला आदेश मागे घ्यावा लागला. तोवर मूल समुद्रापलीकडे गेलेले होते. कागदावरील हुकूम किती प्रभावी, हे अखेर तो हाती असलेल्या माणसाच्या सचोटीवर अवलंबून असते, हाच याचा धडा.

आणि अखेरची गोष्ट त्या आजी-आजोबांची. कायद्याच्या दृष्टीने ते या तंट्यात पक्षकार नाहीत. परंतु मूल त्यांच्या घरात आहे. कोणते न्यायालय अधिकारी, हा वाद दोन वर्षे चालेल. त्या दोन वर्षांत दर रविवारी सकाळी, म्हणजे टेक्सासमधील शनिवारच्या रात्री, नातवाला फोनवर वडिलांशी बोलू देणे हे कोणत्याही न्यायालयाच्या हुकुमावाचून त्यांना करता येते. त्याच्यासमोर जावयाची निंदा न करणे हेही त्यांच्या हाती आहे. पुढे न्यायमूर्ती त्या मुलाला जवळ बोलावून काही विचारतील. तेव्हा तो दोन घरे असलेला मुलगा म्हणून बोलेल, की एक घर विसरावयास लावलेला मुलगा म्हणून, हे बव्हंशी सीताबर्डीच्या त्या घरातच ठरलेले असेल.